समुद्राकडचा दिवा

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



तीस वर्षांनी या सभागृहात उभी आहे. तेव्हा इथे सभागृह नव्हतं, कौलारू व्हरांडा होता आणि पावसात प्रार्थना तिथेच व्हायची. सकाळपासून सगळे एकमेकांना ‘तू अजिबात बदलला नाहीस’ असं सांगत आहेत. ते खोटं आहे, पण ऐकायला बरं वाटतं. समितीने मला सांगितलं, ‘तू सॉफ्टवेअरमधली, एआयवर बोल.’ मी म्हटलं, एआयवर सगळेच बोलतात. मी कासवांवर बोलते. कासवांवर म्हणण्यापेक्षा आपल्यावर.

सुरुवात एका कबुलीने करते. आठवीत असताना ‘वन्यजीवांचे रक्षण’ या विषयावर तालुक्याची निबंध स्पर्धा झाली होती. मला पहिलं बक्षीस मिळालं. बाईंनी तो निबंध प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला वाचून दाखवला. समुद्री कासवावर एक अख्खा परिच्छेद होता, १९७२ चा वन्यजीव कायदा होता, ‘ही आपली सामूहिक जबाबदारी आहे’ असं शेवटी होतं. बक्षीस मिळालं त्याच आठवड्यात आमच्या घरी कासवाची अंडी आली. आजोबांनी पहाटे किनाऱ्यावर कासवाचा माग पाहिला आणि काठीने वाळू टोचत टोचत घरटं काढलं. शंभराच्या आसपास अंडी असतात एका घरट्यात. काही शेजारी वाटली, काही आम्ही उकडून खाल्ली. ज्यांनी खाल्ली असतील त्यांना आठवेल, कितीही उकडा, त्यातलं पांढरं काही घट्ट होत नाही. मी खाल्ली. निबंध आठवला का? हो, आठवला. तरीही खाल्ली. मीठ कमी होतं तेवढं मात्र बोलले.

मला माहिती कमी होती असं कोणी म्हणू शकणार नाही. तालुक्यात सगळ्यांत जास्त माहिती मलाच होती, तसं बक्षीसच होतं माझ्याकडे. मी दुष्टही नव्हते, आजोबा तर नव्हतेच. गुरुवारी देवळात गेले की गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून नमस्कार केल्याशिवाय ते पुढे जात नसत. त्या कासवाचा आणि वाळूतल्या अंड्यांचा काही संबंध आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि मलाही नाही. घरात सगळे खातात, शेजारी खातात, म्हणून आम्ही खात होतो. एवढंच कारण होतं.

हे कोडं माझ्या डोक्यात राहिलं आणि त्याचं उत्तर मला भलत्याच ठिकाणी मिळालं. इंजिनीअर झाले, नोकरीला लागले. बरीच वर्षं मी ऑनलाइन खरेदीच्या पडद्यांवर काम केलं. ‘पैसे भरा’ हे बटण दाबण्याआधी एक छोटी चौकट येते ना, विम्याची किंवा आणखी कशाची, आणि त्यात बरोबरची खूण आधीच केलेली असते? ती चौकट लिहिणाऱ्यांपैकी मी एक. चौकट रिकामी ठेवली तर थोडेच लोक खूण करतात. खूण आधीच असली तर बहुतेक लोक ती काढत नाहीत. माणसं तीच, विमाही तोच. जे आपोआप होतं ते माणूस होऊ देतो. आमच्या भाषेत याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. ‘तुमच्या शहरातल्या अमुक लोकांनी हे घेतलं’, ‘दोनच उरले’, लाल ठिपका, हे सगळं त्याच घराण्यातलं.

यामागे एक मोठं शास्त्र आहे, वर्तनविज्ञान. रिचर्ड थेलर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाला त्यासाठी २०१७ साली नोबेल मिळालं. कॅस सनस्टीन यांच्याबरोबर त्यांनी २००८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचं नाव ‘नज’. नज म्हणजे कोपराने हळूच ढोसणं. वर्गात सरांचं लक्ष इकडे वळलं की शेजारणीला ढोसून जागं करायचो, तसं. ओरडायचं नाही, ओढायचं नाही, जबरदस्ती तर नाहीच. माणूस निर्णय कसा घेतो ते आधी बघायचं, आणि मग चांगला निर्णय त्याच्या हाताशी ठेवायचा. मी हे शास्त्र विमा खपवायला शिकले. ते दुसऱ्या कशाला वापरता येईल, हे कळायला मला स्वतःच्या अंगणात जावं लागलं.

तुम्हाला माहीत आहे, आमचं घर आता होम-स्टे आहे. धाकटा भाऊ आणि वहिनी चालवतात. आपल्या किनाऱ्यावर पर्यटक आले त्याचं बरंचसं श्रेय कासवांना आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे लोक २००२ साली समुद्री गरुडाची पाहणी करत वेळासला पोचले आणि त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तिथून काम सुरू झालं. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं येऊ लागली आणि गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरात उतरवलं, जेवू घातलं. अंडं विकून एकदाच पैसे मिळायचे. तेच अंडं जपलं तर दर मोसमात घर भरू लागलं. पण नुसत्या पैशावर हे काम टिकलं असतं असं मला वाटत नाही. ज्या घरात अंडी खाल्ली जायची त्याच घरातली म्हातारी पाहुण्यांना ‘आमची कासवं’ म्हणून सांगू लागली. ‘आमची’ हा शब्द कायद्याने येत नाही.

तर, आमचा होम-स्टे. सहा वर्षांपूर्वी गणपतीत मी भावाला भेट म्हणून चार एलईडी फोकस दिले. मागच्या अंगणात लावले, समुद्राकडे तोंड करून. किनारा दुधासारखा उजळला. भाऊ खूश, पाहुणे खूश, मी तर फारच खूश.

त्याच मोसमात, मार्चमध्ये, मी घरी होते. पहाटे वहिनीने हाक मारली. सुरूच्या बनातून आमच्या अंगणाकडे वाळूत बारीक बारीक माग आले होते. कासवमित्र जी घरटी शोधतात त्यांतली अंडी ते कुंपणात सुरक्षित ठेवतात. पण एखादं घरटं नजरेतून सुटतं. असंच एक सुटलेलं घरटं रात्री फुटलं होतं. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू जिकडे क्षितिजाजवळ उजेड जास्त तिकडे जातं. लाखो वर्षं तो उजेड म्हणजे समुद्र होता, रात्रीच्या आभाळाचा प्रकाश पाण्यावर पडतो तो. त्या रात्री तो उजेड म्हणजे मी दिलेले चार फोकस होते. काही पिल्लं पन्हळीत होती, काही तुळशीवृंदावनाच्या मागे, मुंग्या लागलेली. कावळे आमच्या आधी पोचले होते. मेलेली एकतीस मी मोजली. जिवंत सापडलेली सात आम्ही टोपलीतून पाण्यापर्यंत नेली.

आजोबांनी जे केलं ते पोटासाठी केलं. मी जे केलं ते भेट म्हणून केलं, आणि मला आजोबांपेक्षा कितीतरी जास्त कळत होतं.

मग मी काय केलं? तेच, जे आठवीत केलं होतं. निबंध लिहिला. या वेळी त्याला पोस्टर म्हणायचं. छान चित्रं, हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं वगैरे माहिती, आणि वर मोठ्या अक्षरांत: ‘आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांचे दिवे रात्रभर चालू असतात. हे थांबवा!’ सगळ्या ग्रुपवर पाठवलं. नव्वद अंगठे आले, पन्नास नमस्कार आले. दिवा एकही बंद झाला नाही. शेजारचे काका म्हणाले, ‘बरोबर लिहिलंयस हो बाय. सगळ्यांचेच चालू असतात. मग माझ्या एकट्याच्या बंद करून काय होतंय?’

काकांनी माझं पोस्टर माझ्यापेक्षा नीट वाचलं होतं. मी त्यांना सांगितलं काय, तर सगळे चालू ठेवतात. म्हणजे चालू ठेवणं हीच गावाची रीत. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात एक राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे दगड झालेलं प्राचीन लाकूड पडलेलं असतं आणि लोक तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. ‘पूर्वी अनेकांनी तुकडे नेले, त्यामुळे उद्यानाचं नुकसान झालं’ असं सांगणारी पाटी होती तिथे खुणेच्या शंभर तुकड्यांतले जवळजवळ आठ गेले. ‘कृपया नेऊ नका’ एवढंच सांगणाऱ्या पाटीपाशी दोनसुद्धा गेले नाहीत. आपण निसर्गाबद्दल जे काही बोलतो त्यातलं किती पहिल्या पाटीसारखं असतं बघा. सगळे प्लास्टिक टाकतात, सगळे वणवे लावतात, सगळे झाडं तोडतात. तळमळीने सांगतो, आणि ऐकणाऱ्याला सोबत मिळवून देतो.

मग पुढच्या सुट्टीत मी बोलणं बंद केलं आणि विचारायला लागले. पहिल्यांदा भावाला. दिवा कशाला हवा? तो म्हणाला, ‘ताई, तुझं सगळं खरं आहे. पण पाहुण्यांच्या पोराला रात्री फुरसं चावलं तर तू येणार आहेस का पुण्याहून?’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दिवा समुद्र उजळायला नव्हताच, तो पायाखालचं बघायला होता. कोणाला नारळाची चोरी होईल अशी भीती होती. एका मावशींच्या सासऱ्यांना रात्री दोनदा उठावं लागायचं. यातल्या एकालाही कासवाशी वैर नव्हतं. आणि पायाखालचं बघायला वीस फुटांवरून समुद्राकडे फोकस मारावा लागत नाही. गुडघ्याएवढ्या उंचीवर, जमिनीकडे तोंड केलेला, वर टोपी असलेला पिवळसर दिवा पुरतो. तांबूस-पिवळ्या उजेडाकडे पिल्लं पांढऱ्यापेक्षा कमी ओढली जातात. चोरीसाठी हालचाल झाली की पेटणारा दिवा लावला. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, टायमर. रात्री दहाला दिवा आपोआप बंद. हवा असेल त्याने उठून चालू करावा. लक्षात आलं का? विम्याची तीच चौकट आहे ही. फक्त खूण कासवाच्या बाजूने केली.

पहिल्या वर्षी तीन घरांनी बदल केला, आमचं धरून. तिथे गाडं अडलं, आणि का अडलं ते वहिनीच्या लक्षात आलं, माझ्या नाही. ती म्हणाली, ‘ताई, लावलेला दिवा दिसतो. बंद केलेला कोणाला दिसतो?’ तीन घरं चांगलं वागत होती आणि बाकीच्या घरांना ते कळण्याचा काही मार्गच नव्हता. मग आपल्या शाळेतल्या सातवीच्या मुलांनी पाट्या रंगवल्या. एक कासव, आणि खाली ‘या घराचा समुद्राकडचा दिवा रात्री बंद असतो.’ पाटी फाटकावर, रस्त्याच्या बाजूला. गावात कोणी काही विचारत नाही, पण बघतात सगळे. ‘आमच्या फाटकावर का नाही?’ असं एका आजींनी मुलांना विचारलं, तेव्हा मला कळलं की आता माझी गरज उरली नाही. आज आमच्या वाडीतल्या सव्वीस घरांपैकी सतरा घरांवर ती पाटी आहे. नऊ घरांवर नाही. त्यांतले दोघे आज या सभागृहात आहेत आणि माझ्याकडे बघून हसत आहेत.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्या देशात हे फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे, आणि करणाऱ्यांनी पाठ्यपुस्तक उघडून केलेलं नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार व्हायची. तो मारायला पिंपं बांधायचे म्हणून त्याचं नावच ‘बॅरल’ पडलं होतं. २००१ साली कायद्याने बंदी आली. २००४ साली मोहीम सुरू झाली तेव्हा मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. त्याला नवीन नाव मिळालं, ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. जाळ्यात अडकलेला मासा सोडवायला कोळी स्वतःचं महागाचं जाळं कापू लागले, आणि वनखातं त्या जाळ्याची भरपाई देऊ लागलं. शेकडो मासे असे सुटले. यातलं दुसरं वाक्य विसरू नका. लेक म्हणायला सांगायचं आणि जाळ्याचा खर्च मात्र गरीब कोळ्याने सोसायचा, हे चालत नाही. आपल्या महाराष्ट्रातही २०१८ पासून, संरक्षित प्राणी सोडवताना जाळं फाटलं तर भरपाईची योजना आहे. ज्यांची होडी आहे त्यांनी जरूर माहिती घ्या.

आसामात कामरूप जिल्ह्यात दादरा नावाचं गाव आहे. तिथे हरगिला नावाचा मोठा करकोचा लोकांच्या परसातल्या झाडांवर घरटी करतो. कुजलेलं मांस खाणारा, घाण करणारा, अपशकुनी मानलेला पक्षी. लोक झाडंच तोडत. पूर्णिमा देवी बर्मन या अभ्यासक तिथे आधी समजावायला गेल्या, तर लोकांनी त्यांची थट्टा केली. मग त्यांनी बायकांना जमवलं. पक्ष्यांच्या विणीच्या काळात गावात त्यांची डोहाळजेवणं होऊ लागली. बायका मेखला-चादरीवर हरगिला विणू लागल्या, त्यातून कमाई होऊ लागली. ज्याच्या झाडावर घरटं, त्याचा सत्कार. २०१० मध्ये त्या भागात २८ घरटी होती, ती पुढे अडीचशेच्या वर गेली. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने बर्मन यांना मोठा पुरस्कार दिला. पक्षी तोच, वासही तोच. गावाने त्याच्याकडे बघायची नजर बदलली.

आता एक अवघड प्रश्न. परवा मुलीने मला विचारला. ‘आई, हे म्हणजे लोकांना न कळत वळवणंच झालं ना? तुझ्या ऑफिससारखं?’ मी खूप विचार केला. माझं उत्तर असं आहे: जी युक्ती वापरतोय ती समोरच्याला तोंडावर सांगता आली पाहिजे. मी वाडीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं की टायमर यासाठी आहे, पाटी यासाठी आहे, नको असेल तर काढा. विम्याच्या चौकटीबद्दल मी कोणत्याही गिऱ्हाईकाला असं सांगू शकले नसते. ती चौकट अजून तशीच आहे. तिच्यावर मी आता काम करत नाही, पण लिहिली होती मीच, आणि त्यासाठी मला बढतीही मिळाली होती. हेही सांगायला हवं म्हणून सांगते.

शेवटची गोष्ट, आणि यासाठीच मी कासवांचा विषय घेतला. आपल्या तुकडीने शाळेला भेट म्हणून किनाऱ्यालगतच्या मैदानावर हायमास्ट दिवा द्यायचा ठरवलं आहे. ठरलं तेव्हा मी ऑनलाइन होते, मीही ‘छान’ म्हणून अंगठा दिला, पैसेही पाठवले. नंतर रात्री झोप लागली नाही. तो दिवा माझ्या चार फोकसच्या कितीतरी पट मोठा आहे. मैदानावर उजेड हवा हे मला मान्य आहे. हिवाळ्यात कबड्डीचे सामने रात्रीच होतात, आणि आपली मुलं जिल्ह्यात खेळतात याचा मला अभिमान आहे. पण नोव्हेंबर ते मे, म्हणजे नेमक्या त्याच दिवसांत, कासवं येतात आणि पिल्लं निघतात. सामना वर्षातून दहा-बारा रात्री असेल. दिवा मात्र पेटलेला राहील रोज, कारण बंद करायची आठवण कोणालाच राहणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. एका उंच खांबाऐवजी मैदानाच्या समुद्राकडच्या बाजूला चार कमी उंचीचे खांब लावू, गावाकडे तोंड केलेले, मागून पत्रा लावून झाकलेले. टायमर असा बसवू की दिवे आपोआप बंदच असतील आणि सामन्याच्या रात्री शाळेने चालू करावेत. खर्च थोडा वाढेल, वाढलेला मी देते. सामन्याच्या रात्री कासवमित्रांना आधी एक फोन करायचा, म्हणजे ते तेवढ्या वेळ किनाऱ्यावर फिरतील.

बाहेर देणगीच्या टेबलाशेजारी मी एक कागद ठेवला आहे. ज्यांना ही सूचना पटली त्यांनी नाव लिहावं. पहिली पाच नावं आधीच आहेत, आणि सगळ्यांत वर आपल्या बाईंचं आहे. त्यांचं नाव वर असलं की तुम्हाला सही करणं सोपं जाईल, म्हणून मी सकाळी त्यांच्या घरी जाऊन ती घेतली. हीसुद्धा एक युक्ती आहे. उघड सांगते आहे, म्हणजे माझ्या नियमात बसते.

कासवाची मादी मोठी झाली की पुन्हा जिथे जन्मली त्या किनाऱ्याच्या आसपास अंडी घालायला येते. आपणही आज आलो आहोत. त्यांच्या वाटेवर उजेड करू नये, एवढंच मागणं आहे.

बाई, त्या निबंधाचं बक्षीस, एक स्टीलचा पेला, अजून माझ्याकडे आहे. तो आज शाळेला परत देते. माझ्यापेक्षा सातवीच्या मुलांनी तो जास्त कमावला आहे.